फेऱ्या संपल्या, कारकुनी नाही

परभणीच्या वकिली वर्तुळात हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते : तारीख मोबाइलवर कळते, दावा ई-फायलिंगने दाखल होतो, सातबारा घरबसल्या निघतो, मग वकिलाला कारकून हवाच कशाला? उरलेले टंकन पुण्या-मुंबईतला कोणीही करून देईल.

यातले खरे तेवढे आधी मान्य करू. २००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे खटल्याचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. पालम-सोनपेठच्या पक्षकाराला केवळ तारीख विचारायला परभणी गाठावी लागत नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळू लागला. वाचलेल्या या फेऱ्यांसाठी कोणी गळा काढू नये.

पण फेऱ्या म्हणजेच कारकुनी, हे गृहीतक चूक आहे. वाटणीचा एखादा दावा घ्या. जुना सर्व्हे नंबर एक, आजचा गट नंबर दुसरा. फेरफारात आजोबांचे नाव एका तऱ्हेने, नातवाच्या आधारकार्डावर दुसऱ्याच. निजामी अमलातला कागद निघाला, तर तो बहुधा उर्दूत. सगळे वारस लागले का, मयताचे नाव तसेच राहिले का, नकलेचा अर्ज वेळेत पडला का, हे पोर्टल विचारत नाही. कारकून विचारतो.

दुसरी बाब विश्वासाची. १८७२च्या पुरावा कायद्याने कलम १२७ अन्वये पक्षकाराचे गुपित राखण्याचे बंधन वकिलाच्या कारकुनावरही घातले. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२नेही ते कायम ठेवले. कुठल्याशा फुकट अ‍ॅपवर पक्षकाराचे कागद चढवले आणि ते फुटले, तर जाब कोणाला विचारणार?

घरून होणारे काम शहरेच पळवतील, ही भीतीही एकांगी आहे. परभणीची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जातात. तिथला कारभार इंग्रजीत, इथले जबाब-पंचनामे मराठीत, भाषांतर अटळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ‘सुवास’ ही भाषांतर प्रणाली आणली. तरी बटई कोणती, सालगडी कोण, पोटखराब म्हणजे काय, हे नेमके उतरले का, ते तपासायला शेतीव्यवहार जाणणारा माणूसच लागतो. हे काम गंगाखेड-जिंतूरच्या घरात बसून खंडपीठातल्या वकिलासाठी करता येईल.

म्हणून मागणी सरळ आहे. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले प्रशिक्षण तालुक्याच्या कारकुनापर्यंत पोचावे. वकिलाने आपला पासवर्ड आणि ओटीपी त्याच्या हाती सोपवण्याऐवजी कारकुनाला मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र लॉगिन मिळावे. भाषांतराचा दर पानामागे, लेखी ठरावा. वकील संघांनी यात पुढाकार घ्यावा.

यंत्र जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर कारकुनाला काढू नका. चुकीच्या नोंदीने तारीख हुकली, तर हुकूम एकतर्फी होतो आणि जमीन जाते ती पक्षकाराची. वकिलाने पगारात वाचवलेले चार पैसे ती परत आणत नाहीत.