पेटी धुतल्याशिवाय औषध लागू पडत नाही

मिरगाचा पाऊस सुरू झाला की मालवणच्या किनाऱ्यावर घरातली प्रत्येक वस्तू सादळते. पापड नरम पडतात, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. अशा दिवसांत काचेच्या पेटीत ठेवलेला इग्वाना पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसू लागला, तर घरच्यांना त्याचे कौतुकच वाटते. उकाड्याने बसला असेल, असे सगळे म्हणतात. पण पाणी बदलताना भांड्याच्या तळाशी मोहरीहून बारीक, काळसर-लाल ठिपके दिसले, तर ते माइट असण्याची शक्यता मोठी. गुराच्या अंगावरच्या गोचिडाचीच ही चुलत भावंडे. खवल्यांच्या फटीत शिरून ती रक्त पितात, आणि त्यांचा जाच चुकवण्यासाठी प्राणी पाण्यात बसतो.

इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन अशा परदेशी सरड्यांची हौस मोठ्या शहरांतली म्हणून ओळखली जाते. पण हौसेला गाव-शहर कळत नाही. मुलांच्या हट्टापायी घेतलेला प्राणी चतुर्थीच्या सुट्टीत चाकरमान्यांबरोबर गावी येऊ शकतो. त्याच्याबरोबर त्याचे परोपजीवीही येतात आणि कोकणातली दमट हवा त्यांना मानवते. सापांवर आणि सरड्यांवर आढळणाऱ्या एका माइटला २५ ते ३० अंश तापमान आणि ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता पोषक असते. सिंधुदुर्गात पावसाळ्यात हवा अशीच असते.

इथे नेहमीची चूक होते ती औषध प्राण्याला देऊन थांबण्याची. माइटची मादी रक्त पिऊन झाल्यावर प्राण्याचे अंग सोडते आणि पेटीच्या सांध्यांत, लाकडाच्या भेगांत, अंथरलेल्या भुशाखाली अंडी घालते. बहुतेक औषधे त्या अंड्यांवर चालत नाहीत. अनुकूल हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणजे पहिल्या फवारणीनंतर आठवडाभर सगळे शांत दिसते आणि मग ‘औषध लागू पडले नाही’ अशी तक्रार सुरू होते. औषध लागू पडलेले असते; साफसफाई झालेली नसते.

पोटातल्या परोपजीवींचेही असेच आहे. पाळीव सरड्यांत सूचकृमी वारंवार सापडतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात आणि त्याच पेटीतल्या पानांबरोबर पुन्हा पोटात जातात. थोडे कृमी असले तर प्राण्याला त्रास होतोच असे नाही. वजन घटू लागले, विष्ठा पातळ झाली, खाणे मंदावले की मात्र तपासणी हवी. कॉक्सिडिया हे एकपेशीय जीव आणखी चिवट. त्यांच्या कवचधारी अवस्था नेहमीच्या ब्लीचला दाद देत नाहीत. त्यांना उकळते पाणी किंवा वाफ लागते.

म्हणून उपचाराच्या काळात पेटीतला जामानिमा हलवावाच लागतो. काथ्याचा भुसा, नारळाची सोडणे, झाडाच्या साली या कोकणात सहज मिळणाऱ्या वस्तू पेटीत शोभून दिसतात, पण माइटला लपायला त्याहून चांगली जागा नाही. त्या पिशवीत बांधून टाकून द्याव्यात. प्राण्याला वेगळ्या, रिकाम्या पेटीत वर्तमानपत्रावर ठेवावे आणि कागद रोज बदलावा. मूळ पेटी आधी साबणाने व गरम पाण्याने घासावी, कारण मळ राहिला तर जंतुनाशक निष्प्रभ होते. जंतुनाशक वापरून झाल्यावर पेटी पुन्हा धुवावी. ब्लीच कधीही अमोनियात किंवा अ‍ॅसिडमध्ये मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा पंख्याखाली पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पेटी वापरू नये. माइटच्या बाबतीत हे काम निदान तीन-चार आठवडे चालू ठेवावे लागते.

दुसरी चूक घरगुती औषधांची. रॉकेल, डांबरगोळ्या, झुरळांचा खडू यांतले काहीही बंद पेटीत वापरले, तर माइटआधी सरडाच दगावेल. गोठ्यातली शेळीच्या जंतांची बाटली हाही मोह असतो. त्यातले फेनबेंडाझोल सरड्यांनाही देतात हे खरे, पण मात्रा काही ग्रॅमच्या वजनाच्या हिशेबाने ठरते आणि ती जास्त झाली तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो. आयव्हरमेक्टिन तर कासवांना प्राणघातक ठरते. तेव्हा अंदाजपंचे औषध देणे हा उपचार नव्हे.

मग डॉक्टर कुठे? मुंबई मालवणपासून सुमारे पाचशे किलोमीटर. पण पहिल्या पायरीसाठी मुंबई गाठण्याची गरज नसते. ताजी विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात घोळवून वर तरंगलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, ही तपासणी शेळ्या-मेंढ्यांसाठी केली जाते तीच आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याने ‘हा आमचा विषय नाही’ म्हणू नये. नमुना तपासावा आणि औषधाची मात्रा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याला फोनवर विचारून ठरवावी.

प्रश्न फक्त सरड्याचा नाही. सरड्यांचे बहुतेक कृमी माणसाला होत नाहीत, पण निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतूनही साल्मोनेला जिवाणू पसरू शकतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांना त्यांचा धोका जास्त. ज्या मोरीत भांडी घासली जातात, तिथे पेटी धुऊ नये. प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा घराचा नियमच हवा.

आणि कंटाळा आला म्हणून प्राणी रानात सोडणे हा तर मार्गच नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडात बर्मी अजगरांबरोबर आलेला फुप्फुसातला एक परोपजीवी तिथल्या स्थानिक सापांत पसरला आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या जिल्ह्याने हा धोका ओढवून घेऊ नये. आपली घोरपड तर पाळायचीच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. जखमी दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. इग्वानासारख्या प्राण्याचीही २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

पण नोंदणीच्या कागदाने पेटी स्वच्छ होत नाही. महिनाभर रोज कागद बदलण्याची आणि पेटी घासण्याची तयारी ज्या घरात नाही, त्या घराने हा प्राणी आणूच नये.