गोंडीच्या दुभाष्याला मानधन द्या

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकसा पट्ट्यात एखाद्या आठवडी बाजारात तासभर उभे राहा. झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी, हिंदी, गोंडी असे सगळे कानावर पडते आणि कुणाचा सौदा अडत नाही. अडते ते दवाखान्यात आणि कोर्टात.

एका सरकारी दवाखान्यात पाहिलेले सांगतो. गोंडी बोलणारी म्हातारी तपासणीला आली होती, सोबत शाळकरी नातू. डॉक्टर मराठवाड्याचे. आजी ओटीपोटावर हात ठेवून बराच वेळ बोलली. नातवाने ते छत्तीसगढीत परिचारिकेला सांगितले, तिने मराठीत डॉक्टरांना. त्यांच्यापर्यंत पोचले एवढेच, की पोट दुखते. कधीपासून, किती, आणखी काय होते, सगळे वाटेत गळाले. शिवाय बाईमाणसाने आपले दुखणे नातवाच्या तोंडून सांगायचे तरी किती? दोष तिथल्या कुणाचाच नव्हता. दोन्ही बाजूंची बोली जाणणारे माणूसच तिथे नेमलेले नव्हते.

गोंडी ही द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली भाषा. मराठी माणसाला ती अंदाजानेही कळत नाही. 2011च्या जनगणनेत देशभरात 29 लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली, पण आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक गोंड घरांत आता झाडी किंवा छत्तीसगढीच बोलतात, हे खरे. म्हणून गोंडीतच बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायचे का?

कोर्टात तर प्रश्न आणखी नाजूक. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे, हे 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पण भांडण काही पुस्तकी भाषेत होत नाही. शिवी रागाची होती, दोस्तीतली होती की खरोखर धमकी होती, हे ज्याने त्या गावात भांडणे ऐकली आहेत त्यालाच कळते. शब्दकोश तिथे उपयोगी पडत नाही.

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 2025मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन आणले. त्यात गोंडी आहे, ही मोठी आनंदाची गोष्ट. पण माघ पौर्णिमेला गोंड समाजाच्या कचारगडच्या यात्रेत जाऊन ऐका. तेलंगणातून आलेल्यांची गोंडी वेगळी, मध्य प्रदेशातल्यांची वेगळी. यंत्र शिकेल तेव्हा शिकेल, आजचा रुग्ण आजच दारात उभा आहे.

आणि दुभाषे आपल्याकडे आहेत. गावातली आशाताई, अंगणवाडी सेविका, बाजार करणारा व्यापारी, शिकून घरी बसलेली गोंड मुले-मुली. त्यांच्याकडून हे काम आपण आजवर ओळखीपाळखीवर, फुकट करून घेत आलो. परक्याचे दुखणे नेमके सांगणे आणि ते पोटात ठेवणे ही जोखमीची कामगिरी आहे, तिचा मोबदला मिळालाच पाहिजे.

जिल्हाधिकाऱ्यांनी तालुकावार अशा माणसांची यादी करावी, त्यांना थोडे प्रशिक्षण द्यावे, दिवसाचे मानधन ठरवावे आणि त्यांचे फोन नंबर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ठाण्यात आणि कोर्टात लावावेत. सुरुवात सालेकसा आणि देवरीपासून करावी.