कोणत्या बोअरची गोळी?

आमच्या माळ्यावर एक कातडी खोळ अजून पडून आहे. तिच्यातली रायफल केव्हाच गेली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिरपूरच्या बाजूने सातपुड्यात शिकारीला जाणाऱ्या आजोबांचा तो नाद कायमचा सुटला. पण ओट्यावरची चर्चा मात्र पुढे कितीतरी वर्षे चालली : डोंगरातल्या हरणासाठी बोअर कुठला घ्यावा?

लहानपणी मला वाटे, ही मर्दुमकीची चर्चा आहे. ती होती हिशेबाची. सांबराचा नर दोनशे किलोच्या वर भरतो आणि तो दिसतो पलीकडच्या उतारावर, मध्ये नाला. गोळी हलकी पडली तर जखमी जनावर नाल्यात उतरते आणि दोन दिवसांनी कुठेतरी कुढत मरते. भेकर जेमतेम वीस-पंचवीस किलोचे. त्याला जाड गोळी घातली तर घरी न्यायला काही उरत नाही. जगभरचे डोंगरी शिकारी म्हणून सात मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतात. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी त्याच मापाची.

आपल्याकडे मात्र बोअर हरणाने कधी ठरवला नाही, सरकारने ठरवला. १९०७ मध्ये इंग्रजांनी .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी केली. जुन्या लष्करी मार्टिनी बंदुका त्याच बोअरच्या. बंडखोरांना आयती गोळी मिळेल, ही धास्ती. थ्री नॉट थ्रीचीही तीच गत. ती लष्कराची, म्हणून सामान्य परवानेवाल्याला बंद. त्याच्या वाट्याला आली तीनशे पंधरा. गंमत अशी, की भुसावळशेजारच्या वरणगावात १९६४ पासून काडतुसे बनतात, पण ती फौजेसाठी. खानदेशात गोळ्यांना तोटा नव्हता. शिकाऱ्याला हवी ती गोळी तेवढी मिळत नसे.

बोअरच्या वादात आजोबा शेवटी एकच सांगत : जनावर दिसलं की आधी त्याच्या मागे काय आहे ते बघ. डोंगरात मागे डोंगरच असतो, तो चुकलेली गोळी पोटात घेतो.

हे सारे परवा आठवले ते तापीकाठच्या एका मित्राच्या शेतात. सांबराला आज कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असलेच पाहिजे. शिकारीचे दिवस परत यावेत, असे मला मुळीच वाटत नाही. पण सपाटीवर रोही हरभऱ्याची नासाडी करतो. पिके राखण्यासाठी रोही आणि रानडुक्कर मारायची परवानगी देण्याची वाट राज्य सरकारने २०१५ साली मोकळी केली. कागदावर प्रश्न मिटला. शेतकऱ्याच्या हातात असते काय? फार तर बारा बोअरची, नाहीतर ठासणीची. पीकसंरक्षणासाठी परवाना मिळतो तो अशाच बंदुकीचा. तिचे छरे चाळीस पावलांपलीकडे पसरतात, दमतात. आणि रोहीचा नर सांबराच्या तोडीचा. मित्राच्या शेतात बार झाला तो तिन्हीसांजेला, लांबून. सालदार म्हणाला, ‘‘भाऊ, गोयी त लागनी, पन जनावर काय पडनं नही.’’

तिसऱ्या दिवशी ते केळीच्या बागेत सापडले, वासावरून. माझ्या मित्राला दोन रात्री झोप नव्हती. तोही निर्दय नाही, रोहीही गुन्हेगार नाही.

मग रायफल द्या, असे कुणी म्हणेल. तीनशे पंधराची गोळी रोहीला जागच्या जागी पाडेल, यात शंका नाही. पण चुकली तर सपाटीवर ती दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि तिथे रात्री पाणी भरणारी माणसे असतात, बांधावर झोपलेली पोरे असतात. म्हणजे छर्रा जनावराला पुरत नाही आणि गोळी शिवाराला परवडत नाही. या पेचातून परवान्याचा कागद सोडवणार नाही.

माझे मत साधे आहे. मारणे अटळच असेल तर ते शेतकऱ्यावर ढकलू नये. वनखात्याने निशाणबाज तयार करावेत. त्यांनी मचाणावरून, गोळी खाली मातीत जाईल अशा कोनाने, योग्य रायफलीनेच बार काढावा, आणि जखमी जनावराचा माग काढणे हे त्यांचेच काम मानावे. त्याआधी पंचनाम्याचे पैसे हंगाम संपायच्या आत हातात पडावेत. भरपाई वेळेवर मिळणाऱ्या शेतकऱ्याला बंदुकीची हौस नसते, हे मी ओट्यावर बसून नाही, बांधावर बसून सांगतो आहे.

मित्राने आता बंदूक कपाटात ठेवली आहे. हरभऱ्याच्या कडेने त्याने जुन्या साड्या बांधल्या आहेत. पहिले चार दिवस रोही बिचकले. पाचव्या रात्री ते साड्यांखालून वाकून आत आले.