जहाजं पुसली, समुद्र उरला

तैलरंग शिकायला बसलेल्या माणसाला सुरुवातीला एकच घाई असते, चित्र भरून टाकायची! डोंगर काढला की झोपडी हवी, झोपडी आली की झाड हवं, आणि तरीही कोपरा रिकामा राहिलाच तर पक्ष्यांची माळ. ही खोड मोडायची असेल, तर कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराच्या (१७७४-१८४०) एका चित्राची नक्कल करून पाहावी.

चित्राचं नाव 'समुद्रकाठचा संन्यासी'. खाली फिकट वाळूचा पट्टा, त्यामागे काळाभोर समुद्र, क्षितिजावर दाट धुकं आणि वर उजळत गेलेलं अफाट आकाश. वाळूवर एक इवलासा माणूस, भोवती थोडे पक्षी. बस्स! १८१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं, तेव्हा प्रशियाच्या राजाने ते विकत घेतलं. आज ते बर्लिनच्याच जुन्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

मूळ चित्र पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद आहे. घरी ५० बाय ३२ सेंटिमीटरचा कॅनव्हास पुरतो. पांढरा, प्रशियन ब्लू, रॉ अंबर आणि यलो ऑकर एवढ्या चार ट्यूबांत काम भागतं. आधी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबरने फक्त उजेड आणि सावली मांडून घ्यायची. ती वाळली की वरचे थर द्यायचे आणि प्रत्येक थरात जवसाच्या तेलाचं प्रमाण थोडं वाढवायचं. हे उलट झालं, तर खालचा तेलकट थर ओला असतानाच वरचा सुकतो आणि पुढे चित्राला भेगा पडतात. खिडकी उघडी ठेवावी. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात.

तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्यामुळे दोन थरांमध्ये काही दिवस जातात, आणि खरी परीक्षा तेव्हाच असते. भिंतीला टेकवलेलं रिकामं आकाश येता-जाता दिसतं. घरातलं कुणीतरी विचारतं, "अजून काही काढणार ना?" मग हात शिवशिवतो. एखादी होडी टाकली तर?

खुद्द फ्रीडरिशलाही हा मोह झाला होता. इन्फ्रारेड तपासणीत या चित्राच्या रंगाखाली जहाजं रेखाटलेली आढळली. ती त्याने चित्रात ठेवली नाहीत. आकाशही त्याने पुन्हा पुन्हा बदललं. १८०८ ते १८१० अशी दोन वर्षं हे काम चाललं होतं. नवरा आकाश रंगवत असताना त्याच्याशी बोलायचं नसतं, असं त्याची बायको सांगत असे.

म्हणजे नक्कल करणाऱ्याला जे रिकामं वाटतं, ते चित्रकाराने मुद्दाम रिकामं केलेलं असतं. होडी काढली की नजर होडीवर थांबते आणि संन्याशाचं एकटेपण संपतं. हे पुस्तकात वाचून पटत नाही. होडी न काढता तो कॅनव्हास आठवडाभर घरात सांभाळला की पटतं.

नक्कल पूर्ण झाल्यावर मागे मूळ चित्रकाराचं नाव लिहावं, खाली आपलं. आणि पुढचं चित्र स्वतःचं काढावं. त्यात काय काय काढायचं हे ठरवण्याआधी, काय काढायचं नाही ते ठरवावं.