समन्याय पैठणला थांबत नाही

मराठवाड्यात पैठणला असलेल्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली, की नाशिक-अहिल्यानगरकडून एक युक्तिवाद हमखास होतो: बरेचसे पाणी नदीपात्रातच मुरते, उरलेल्याची जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात वाफ होते, मग ते वाया का घालवायचे? पाणी मुरते हे खरेच. पण ओल्या पात्रात ते कमी मुरते, कोरड्यात जास्त. म्हणजे हा मुद्दा लवकर पाणी सोडण्याच्या बाजूचा ठरतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यातील कलम 12(6) तेच सांगते. टंचाईची झळ सर्वांनी वाटून घ्यावी, त्यासाठी खोऱ्यातल्या धरणांमधील वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर साधारण सारखी असावी. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. तरीही 2023 मध्ये पाणी सुटायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. आधी उशीर करायचा आणि त्या उशिरातून झालेली गळती दाखवून वाटपच चुकीचे ठरवायचे, हे न्यायाला धरून नाही.

मात्र हेच तत्त्व आपल्यालाही लागू आहे, हे मराठवाड्याने मान्य केले पाहिजे. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. त्याच्या मुखाशी ऊस डोलत असताना परभणीकडच्या टेलचा शेतकरी पाणीपाळीची वाट पाहत राहत असेल, तर वरच्या जिल्ह्यांना कोणत्या तोंडाने जाब विचारायचा? राज्यातल्या सुमारे 4 टक्के लागवड क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळपास 70 टक्के पाणी घेतो, हा अंदाज वर्षानुवर्षे सरकारदरबारी आहे. यावर ऊसउत्पादक म्हणतो, एफआरपीची, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराची, हमी आहे म्हणून ऊस लावतो. तुरीला, सोयाबीनला हमीभावाने घेणारा दाखवा. त्याचे बरोबर आहे. दोष धोरणाचा आहे. म्हणून नुसती ऊसबंदी अन्यायाची होईल. आठमाही पिकांची खात्रीची खरेदी आणि पाण्याचे घनमापन दोन्ही एकदम हवे. पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी गोदावरीत वळवले की सारे सुटेल, असे सांगितले जाते. ते पाणी येईल तेव्हा याच न मोजणाऱ्या कालव्यांत पडेल आणि पुन्हा मुखाशीच अडेल. पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याचा कायदाही 2005 चाच आहे, आणि ते शास्त्र शिकवणारी वाल्मी ही संस्था छत्रपती संभाजीनगरातच आहे. प्रत्येक पाळीत कोणत्या वितरिकेला किती दशलक्ष घनमीटर पाणी मिळाले, हे जलसंपदा विभागाने येत्या रब्बीपासून गावोगावच्या चावडीवर लावावे.