खाणारा दोषी की विकणारा?



व्याख्यान संपलं की बायका चपला शोधता शोधता जे बोलतात, तीच खरी चर्चा. परवा विषय निघाला मुलांच्या वजनाचा. एकीच्या सातवीतल्या मुलाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "या गाडीवाल्यांनी आणि पुडेवाल्यांनी पोरांची वाट लावली." लगेच दुसरी म्हणाली, "त्यांनी काय तुझ्या पोराच्या तोंडात कोंबलं? खायचं की नाही ते आपल्या हातात." मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी गप्प बसले. कारण कडावात आमचं किराणा दुकान आहे, आणि वेफर्सच्या पुड्यांच्या माळा रोज सकाळी दुकानाच्या दारात मीच अडकवते.

गप्प बसले ते चुकलं. म्हणून आज लिहिते आहे.

हा वाद नवा नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सवर लागोपाठ दोन दावे झाले, ते आपल्याला माहीत असायला हवेत. पहिला २००१ चा. आपण बटाटे वनस्पती तेलात तळतो असं कंपनी १९९० पासून सांगत होती, पण तिथल्या फ्राईजमध्ये चवीसाठी गोमांसाचा अर्क असायचा. शाकाहारी लोकांनी दावा लावला. त्याचे पडसाद आपल्या ठाण्यापर्यंत उमटले, तिथल्या दुकानाची मोडतोड झाली. भारतातल्या फ्राईजमध्ये असं काही नसतं, हे कंपनीला इथे सांगावं लागलं. अमेरिकेत मात्र तिने माफी मागितली आणि २००२ मध्ये १ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

दुसरा दावा २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन मुलींच्या वतीने झाला. या खाण्याने आम्ही लठ्ठ झालो, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी २००३ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. जास्त खाल्लं तर अपाय होतो हे ज्याला माहीत आहे, त्याने विकणाऱ्याला दोष देऊ नये, असा त्यांचा रोख होता. पुढे अपिलात दाव्याचा काही भाग परत उभा राहिला, पण त्या मुली जिंकल्या नाहीत.

म्हणजे कायद्याने सरळ वाटणी केली. विकणाऱ्याने लपवलं तर दोष त्याचा. खाणाऱ्याला माहीत होतं तर दोष खाणाऱ्याचा. आपल्या दोघी बहिणी हीच वाटणी करत होत्या, फक्त प्रत्येकीने आपल्या सोयीची अर्धी बाजू उचलली होती.

पण आपण कोर्टात उभ्या नाही, धर्मात उभ्या आहोत. आणि धर्माने ही वाटणी मानलेलीच नाही. करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्हींनी कर्म बांधलं जातं, हे आपण पाठशाळेत शिकलो. जीवहिंसेच्या बाबतीत हे आपल्याला लगेच पटतं. मारणारा दोषी, मारायला लावणारा दोषी आणि "बरं झालं" म्हणणाराही दोषी. मग मुलाच्या हातातल्या पुड्याजवळ आलं की हा हिशोब कुठे जातो?

पुडा खातो तो मुलगा. मोबाईलवर बोलताना मध्ये मध्ये करतो म्हणून त्याच्या हातावर दहा रुपये ठेवते ती आई. "खाऊ दे गं, हेच तर वय आहे," म्हणते ती आजी. आणि माळ त्याच्या डोळ्यांसमोर लटकवते ती मी. यातली कुठली एक सुटली, सांगा.

"गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवतो," हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच वाटायला लागलं होतं. पण श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, ती आठवा. ते पंधराही धंदे आहेत, आणि त्यात विषवाणिज्यही आहे. विषालाही गिऱ्हाईक असतंच, तरी श्रावकाने तो व्यापार करू नये असं सांगितलं. वेफर्स म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. पण दुकानदाराला त्याच्या मालाची जबाबदारी असते हे कोणी परदेशातून येऊन शिकवायला नको, आपल्या पूर्वजांनी ते व्रतातच घालून ठेवलंय.

आता आपली, म्हणजे खाणाऱ्यांची बाजू. कर्जत स्टेशनचा वडापाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. घाट चढायला गाड्यांना मागून इंजिनं जोडायची, तेवढ्या थांब्यात तो खपायचा. आपल्याला तो चालत नव्हता, बटाटा आणि लसूण आली. आता ठिकठिकाणी कच्च्या केळ्याचा जैन वडापाव मिळतो. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन चायनीजही मिळतं. हे कोणी दयेने दिलं नाही. आपण प्रत्येक काउंटरवर उभं राहून विचारलं, "कांदा-लसूण आहे का? तवा वेगळा आहे का?" नाही म्हटलं की उठून आलो. विकणाऱ्याला बदलायला लावायची ताकद आपल्यात आहे, याचा याहून मोठा पुरावा कुठला?

पण त्याच काउंटरवर आपण कधी विचारलं का, हे तेल कितव्यांदा तापतंय? "जैन" पाटीमुळे कंदमुळाचा प्रश्न सुटला. मैदा तोच, तेल तेच, वर बटरचा गोळा तोच. पाटी बघून आपण निर्धास्त होतो आणि एकाऐवजी दोन खातो.

कोणी म्हणेल, सरकार आहे ना. आहे, आणि त्याने काही पावलं उचललीही आहेत. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांत वेफर्स, नूडल्स, थंड पेयं विकायला बंदी घातली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई केली. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना आता मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात. पण कडावच्या गाडीला दहा शाखा नाहीत, आणि एकावन्नाव्या मीटरवर मुलाची भूक बदलत नाही. कायदा जिथे संपतो, तिथून पुढे आपलं व्रत सुरू होतं.

"ज्याला त्याला कळायला हवं," म्हणणाऱ्यांना एक सांगते. आमच्या दुकानात वाडीवरचं एक पोर येतं. आई-बाप कामावर, हातात पाच रुपये. त्या पाच रुपयांत माझ्या दारात जे लटकलंय तेच ते घेणार. त्याची निवड त्याच्या आधी मी करून ठेवलेली असते.

म्हणून पर्युषणाआधी मी माळा आत नेल्या. दारात, मुलांच्या हाताच्या उंचीवर, फुटाणे, चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू ठेवले. सासूबाई म्हणाल्या, "आपण नाही ठेवलं तर शेजारचा ठेवेल." ठेवतोच आहे. गल्ला कमी झाला, तेही खरं. हे दोन दिवस बोलले नाहीत. पुडे मी पूर्ण बंद केलेले नाहीत, तेवढी हिंमत अजून झालेली नाही, हेही लपवत नाही. पण पाच रुपयांचे फुटाणे आता रोज खपतात.

आणि घरात? अठ्ठाई करायची आणि पारण्यानंतर आठवडाभर फरसाण-मिठाईवर तुटून पडायचं, हे आपलंच चाललंय ना? बाह्य तपात अनशनानंतर लगेच दुसरं नाव ऊणोदरीचं आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी खायचं. त्याला ना वरघोडा निघतो ना कोणी साता विचारतं, म्हणून ते कोणी करत नाही. आपल्या सहा विगया आठवा: दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि कढईतलं तळलेलं. रोज एक सोडायची रीत घराघरात होती. डॉक्टर आज फी घेऊन जे सांगतात, त्यातलं बरंचसं त्यात आलं.

तर त्या दोघी बहिणींना माझं उत्तर हे. खाणाऱ्याचा दोष आहे, विकणाऱ्याचा आहे आणि बघून हसणाऱ्याचाही आहे. दोष वाटून घेतला म्हणून कोणाचा वाटा कमी होत नाही, प्रत्येकीचा पुरा असतो. पुढच्या वेळी काउंटरवर कांदा-लसणाबरोबर तेलही विचारा. मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवण्याआधी त्याच्याशी दहा मिनिटं बोला. आणि ज्यांची दुकानं आहेत त्यांनी आज घरी जाऊन आपल्या दारात काय लटकलंय ते मान वर करून बघा.

लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.