जुनी वस्तू, नवे गिऱ्हाईक

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर मौदा हे तालुक्याचे गाव आहे. भोवती धानाची शेती, जवळून वाहणारी कन्हान नदी आणि तालुक्यातच एनटीपीसीचे औष्णिक विद्युत केंद्र. 500 मेगावॅटचे दोन व 660 मेगावॅटचे दोन असे चार संच मिळून 2,320 मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प. देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे नोकरीनिमित्त येथे येतात, काही वर्षे राहतात आणि बदलीचा हुकूम निघाला की सामानाची निरवानिरव करू लागतात. कूलर, सोफा, कपाट पुढच्या गावी नेण्याचे भाडे कित्येकदा त्या वस्तूंच्या किमतीहून जड होते. व्यापारी कुटुंबांतही हेच घडते, कारण तेवढे वेगळे. दुकानाचे नूतनीकरण झाले की काचेचे जुने काउंटर, संगणक, बिल छापण्याचे यंत्र गोदामात धूळ खात पडते. पूर्वी अशा वस्तू शेजारी, नातलग किंवा भंगारवाला यांच्याकडे जात. आता मोबाइलवरून छायाचित्र टाकले की संध्याकाळपर्यंत विचारणा सुरू होते.

पिढ्यान्‌पिढ्या खरेदी-विक्रीत मुरलेल्या घरातील माणसेही या छोट्याशा व्यवहारात फसतात. ती अडाणी असतात म्हणून नव्हे. पेढीवरच्या व्यवहारात खरेदीदार व विक्रेता यांच्या मध्ये कोणीतरी उभे असते आणि ऑनलाइन जुन्या वस्तूच्या विक्रीत ती मधली जागा बहुधा रिकामी असते, हा फरक ध्यानात येत नाही म्हणून.

जुन्या व्यापाराकडे पाहिले म्हणजे ही मधली जागा किती विचारपूर्वक भरलेली होती हे दिसते. दूरच्या पेठेशी व्यवहार करताना रोकड पाठवण्याऐवजी हुंडी चाले. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवशी. जोखमी हुंडीची रीत मात्र विशेष होती. माल जहाजाने रवाना करणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर ही हुंडी लिही आणि माल सुखरूप पोहोचला तरच ती सकारली जाई. ती विकत घेणारा सराफ वाटेतली जोखीम स्वतःवर घेई आणि त्याचा मोबदला तो आधीच कापून घेई. पैशाची पाठवणी आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदाने केली, असे म्हणता येईल. पुढे मालमोटारी आल्या, तेव्हा बिल्टी बँकेमार्फत पाठवण्याची पद्धत रूढ झाली. माल वाहतूकदाराच्या गोदामात पडलेला असे. खरेदीदाराने बँकेत पैसे भरावेत, बिल्टी सोडवावी आणि मग माल उचलावा. टपाल खात्याची व्हीपीपी हीदेखील त्याच तत्त्वावर चाले: पोस्टमनच्या हातात पैसे पडल्यावाचून पार्सल हातात येत नसे.

या साऱ्या रीतींच्या मुळाशी असलेले तत्त्व कायद्यातही आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याचे 32 वे कलम सांगते की, वेगळे ठरले नसेल तर मालाचा ताबा आणि मालाची किंमत या दोन गोष्टी एकाच वेळी हस्तांतरित व्हायच्या असतात. या हाताने द्यावे आणि त्या हाताने घ्यावे. जुन्या वस्तूंच्या जाहिराती घेणारे बहुतेक मंच दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देतात आणि बाजूला होतात. पैसा रोखून धरणारा सराफ तेथे नसतो, बिल्टी सांभाळणारी बँकही नसते. ते काम विक्रेत्याने स्वतःच करावयाचे असते.

समजा, मौद्यातील एका गृहिणीने शिवणयंत्र 6,000 रुपयांना विक्रीस लावले आहे. पाच मिनिटांत फोन येतो. बोलणारा सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचे सांगतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो. बदली झाल्यामुळे स्वतः येता येत नाही, वाहतूकवाला येऊन यंत्र घेऊन जाईल, पैसे आत्ताच पाठवतो, असे म्हणतो. सैनिकाच्या वेशातील ही फसवणूक इतकी जुनी झाली आहे की पोलीस खात्याच्या सूचनांत तिचा वारंवार उल्लेख येतो, तरीही ती चालतेच, कारण गणवेशाविषयी आपल्या मनात आदर असतो. पण व्यापारी घरातील माणसाने ओळखपत्राआधी दुसऱ्याच गोष्टीकडे पाहावे. या गिऱ्हाइकाने वस्तू पाहिली नाही, किती वर्षे वापरली हे विचारले नाही आणि शंभर रुपयांचीसुद्धा घासाघीस केली नाही. दुकानात असे गिऱ्हाईक आले तर गल्ल्यावर बसलेला माणूस सावध होतो. फोनवर आले की मात्र तोच माणूस खूश होतो.

त्यानंतर येतो क्यूआर कोड. ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ येथे पैशाची दिशा कळणे सर्वांत महत्त्वाचे आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत पिन हा धनादेशावरील सहीसारखा आहे. धनादेश देणारा सही करतो, घेणारा करीत नाही. त्याचप्रमाणे पैसे आपल्या खात्यात येण्यासाठी पिन लागत नाही, आणि समोरच्याने पाठवलेला कोड स्कॅन करणे म्हणजे त्याला पैसे देण्याची तयारी करणे होय. आधी एक रुपयाचा प्रयोग करून विश्वास संपादन करणे आणि मग मोठ्या रकमेचा कोड पाठवणे, हा त्यातलाच प्रकार. एखाद्याने पैसे मागण्याची विनंती पाठवायची व समोरच्याने ती मंजूर करायची, ही व्यक्ती-व्यक्तींमधील ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. एक दार त्यामुळे मिटले. क्यूआर कोडचे दार उघडेच आहे, आणि ते बंद करता येण्याजोगे नाही, कारण भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांचा धंदा आज त्यावर चालतो.

विक्रेत्याने पैसे घेण्यासाठी स्वतःचा कोड किंवा स्वतःचा यूपीआय पत्ता द्यावा, समोरच्याचा कोड घेऊ नये. पैसे आले की नाही हे समोरच्याने दाखवलेल्या पडद्यावर किंवा आलेल्या संदेशावर ठरवू नये. ‘रक्कम जमा झाली’ असा संदेश कोणीही टंकून पाठवू शकतो, यशस्वी व्यवहाराचे चित्रही बनवता येते. चुकून 6,000 ऐवजी 60,000 गेले, वरचे परत करा, हा कांगावा अशाच खोट्या संदेशावर उभा असतो. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहावी, खातेउतारा उघडावा. रोजमेळात जमा दिसल्याशिवाय ‘आले’ म्हणू नये, हे पेढीवर मुनिमाला कोणी शिकवावे लागत नाही. धनादेश असेल तर तो बँकेत भरल्याची पावती म्हणजे वसुली नव्हे. तो वटेपर्यंत वस्तू घरातच राहावी.

पैसा खरोखर जमा झाला तरी एक प्रश्न उरतो आणि व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो अधिक गंभीर आहे. तो पैसा होता कोणाचा? भामट्याने तिसऱ्याच माणसाला लुबाडून त्याच्या खात्यातून परस्पर विक्रेत्याला पैसे वळवले असतील, तर तक्रार झाल्यावर पोलिसांचा माग विक्रेत्याच्या खात्यापर्यंत येतो. संशयित मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 102 ने होता, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये आहे, आणि बँक खाते गोठवले जाते ते याच अधिकाराखाली. जुन्या फ्रिजचे 8,000 रुपये दुकानाच्या चालू खात्यात घेतले आणि ते खाते गोठले, तर घाऊक व्यापाऱ्यांची देणी, कामगारांचे पगार, कर भरणा सारेच अडते. वस्तूची किंमत आणि नुकसान यांचा काही मेळच राहत नाही. म्हणून अशा विक्रीचे पैसे व्यवसायाच्या खात्यात घेऊ नयेत. घरगुती बचत खाते त्यासाठी पुरेसे आहे. पैसे पाठवणाऱ्याचे नाव खरेदीदाराच्या नावाशी जुळते का ते पाहावे, ‘मित्राच्या खात्यातून पाठवतो’ ही सबब मान्य करू नये, आणि संभाषण, जाहिरात व पावती जपून ठावावी. रक्कम लहान आणि गिऱ्हाईक जवळपासचे असेल तर रोखीसारखे निर्मळ दुसरे काही नाही.

गिऱ्हाईक नागपूर किंवा भंडाऱ्याचे असेल तर त्याने यावे, वस्तू चालवून पाहावी, पैसे द्यावेत आणि घेऊन जावे. तासाभराच्या प्रवासाचा कंटाळा करणारे गिऱ्हाईक सोडून दिलेलेच बरे. अडचण येते ती दूरच्या गिऱ्हाइकाची. घरी जमवलेले कॅमेऱ्याचे भिंग, दुर्मीळ पुस्तकांचा संच, एखाद्या यंत्राचा आता न मिळणारा भाग, अशा वस्तूंना गावात भाव नसतो, पुण्यात किंवा रायपूरला असतो. त्या पाठवाव्याच लागतात.

पाठवणीचा खर्च पेटी भरून, मोजून मगच सांगावा. पुष्कळ कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडे आकारतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि 5,000 ने भागायचे, हे नेहमीचे सूत्र. 45, 35 व 30 सेंटिमीटरच्या खोक्यात पाच किलोचा मिक्सर घातला तरी भाडे 9.45 किलोचे पडते. ‘कुरिअर खर्चासह’ असा भाव आधीच कबूल केलेल्याचा नफा त्या खोक्यातच जातो.

वाटेतल्या जोखमीचे गणित याहून महत्त्वाचे. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी 2007 चा कायदा आणि त्याखालील 2011 चे नियम आहेत, आणि घरपोच सेवा देणारी कुरिअर संस्थाही त्यांच्या कक्षेत येते. मालाची अधिक जोखीम-किंमत लेखी जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराचे उत्तरदायित्व भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मर्यादित राहते. 300 रुपये भाडे देऊन 18,000 रुपयांचे भिंग पाठवले आणि ते फुटले, तर हाती जास्तीत जास्त 3,000. किंमत जाहीर केली तर थोडे अधिक भाडे पडते, ती जणू जोखमी हुंडीचीच कपात. आणि नुकसान झाल्यास नोटीस लेखी द्यावी लागते, तीही माल नोंदवल्यापासून 180 दिवसांच्या आत. तोंडी बाचाबाचीला न्यायालयात किंमत नाही.

पैसे आणि पाठवणी यांच्या क्रमाबद्दल दोन्ही पक्षांनी मोकळेपणाने बोलावे. खरेदीदारालाही भीती असते की पैसे गेले आणि खोक्यात विटा निघाल्या तर? ती भीती अनाठायी नाही. चालू व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवणे, अनुक्रमांक वाचून दाखवणे, त्याच्यासमोर पेटी बंद करणे आणि नोंदणीपावतीचे छायाचित्र लगेच पाठवणे, यात विक्रेत्याचे काही जात नाही. हेच चित्रण पुढे ‘मला दुसरीच वस्तू मिळाली’ या तक्रारीलाही उत्तर ठरते. काही खोट असेल तर ती जाहिरातीतच लिहावी. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे मालविक्री कायद्याचे 15 वे कलम जुन्या वस्तूलाही लागू आहे.

मोठी वस्तू ट्रान्सपोर्टने जायची असेल तर व्यापाऱ्यांना आणखी एक भेद माहीत असावा. वापरलेल्या घरगुती व वैयक्तिक सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. दुकानाच्या वहीत मालमत्ता म्हणून दाखवलेले यंत्र घरगुती सामान ठरत नाही. ते विकताना नोंदणीकृत व्यापाऱ्याने करपावती करावी, आणि माल गोंदियाला म्हणजे राज्यातच चालला असेल तर एक लाख रुपयांवर, सीमा ओलांडून रायपूरला चालला असेल तर 50,000 रुपयांवर ई-वे बिल काढावे.

इतके करूनही कोणी फसलेच, तर वेळ दवडू नये. सायबर फसवणुकीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक 1930 आहे. योगायोगाने मालविक्री कायद्याचे सालही हेच, तेव्हा व्यापाऱ्यांना लक्षात ठेवणे सोपे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकवले जाण्यापूर्वी फोन गेला तर वाटेतच रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा दाखला लोक देतात. बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याकडून अनधिकृत व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर भार नाही, असे त्यात आहे. पण स्वतः पिन टाकला असेल तर बँक बहुधा तो ग्राहकाचाच निष्काळजीपणा मानते, आणि कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते. म्हणून घरच्यांना सांगायची लाज वाटते, म्हणून रात्र जाऊ देणे परवडत नाही. फोन करताना रक्कम, वेळ, स्वतःची बँक आणि व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक समोर ठेवावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्यावा.